गाऱ्हाण्याबाहेरच्या बायका

मतदानाच्या आठवडाभर आधीच वाडीच्या प्रमुखांनी, गावकर भिकाजींनी, निवडणूक उरकून टाकली. केदारलिंगाच्या देवळात त्यांनी वाडीतले बाप्ये जमवले, देवापुढे नारळ ठेवला, त्याला प्रत्येकाचा हात लावून घेतला आणि घसा खाकरून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, वाडीतलं एकूनएक मत महिपतलाच पडंल. कोन फिरला तर तुजा तू बगून घे." बाप्ये म्हणाले, "व्हय महाराजा." महिपत ग्रामपंचायतीत निवडून आला म्हणजे देवळाला सभामंडप होणार होता. भिकाजी छाती पुढे काढून घरी आले.

त्यांची बायको मालन मात्र काळजीत पडली. महिपतच्या विरोधात तिची मैत्रीण तुळसा उभी होती. पालीच्या पुढच्या त्या आडगावात बाई निवडणुकीला उभी राहते, याचंच बाप्यांना हसू येत होतं. तुळसाचं म्हणणं एवढंच, की वरच्या झऱ्याचं पाणी नळाने वाडीत आणू. मालनला ते मनापासून पटलं होतं, कारण पऱ्यावरून, म्हणजे खालच्या ओढ्यावरून, घाटी चढून पाणी आणता आणता तिचे गुडघे कामातून गेले होते. पण आता मध्ये देव आला होता. नवऱ्याला चुकवणं तिला जमलं असतं, देवाला चुकवायची तिची छाती नव्हती.

तशी ती दर निवडणुकीला मत देत आलेली. बायकांना मताचा हक्क मिळून पस्तीसेक वर्षं झाली होती, पण भिकाजींच्या घरी तो अजून पोचायचा होता. केंद्रावर जाताना ते वाटेतच चित्र सांगत आणि मालन त्यावर शिक्का मारून येई. दुकानातून सांगितलेलं मीठ आणावं, तसंच ते.

शेवटी एका सकाळी नवरा चहाला बसल्यावर तिने विषय काढलाच.

"अवो, त्या नारळाला आमचा हात लागला नाय."

"बायकांचा हात? देवाच्या नारळाला? खुळी काय गो तू?"

"म्हंजे गाऱ्हान्यात आमी येत नाय?"

"गाऱ्हानं बाप्यांचं. बायका त्यात कदीच नसतात."

"मग देव आमाला जाब इचारनार नाय?"

"तुमाला कशाला इचारंल? तुमची गनतीच नाय तितं."

मालनला एकदम हलकं वाटलं. एवढं सुख नवऱ्याने तिला लग्नानंतर पहिल्यांदाच दिलं असेल. तिने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

पण बाई पक्की. पऱ्यावर धुण्याला आलेल्या बायकाही देवाला भिऊनच होत्या. भिकाजी तिथून चालले होते, त्यांना तिने थांबवलं. "अवो, ह्या सखूला जरा समजावा. हिला वाटतं, गाऱ्हान्यात बायकापन आल्या." भिकाजींनी सगळ्यांनाच समजावलं, बापजाद्यांपासूनच्या रीतीसकट, चांगलं ऐसपैस. बायका खाली मान घालून धुणी आपटत राहिल्या. यांना पटलं, असं भिकाजींना वाटलं. पटलंच होतं.

मतदानाच्या दिवशी त्यांनी वाटेत चित्र सांगितलं, मालन "व्हय" म्हणाली. आजवर पुठ्ठ्याच्या आडोशालाही नवरा शेजारी उभा असल्यासारखं तिला वाटे. आज तिथे ती एकटी होती. तिने शिक्का उचलला आणि तुळसाच्या चित्रावर मारला, उगाच जरा जोरानेच.

बाप्ये शब्दाला जागले, एकही फिरला नाही. पण वाडीतले निम्मे बाप्ये मुंबईला नोकरीला, आणि मागे उरलेली वाडी म्हणजे बहुतेक बायकाच, हे गावकरांच्या ध्यानातच आलं नव्हतं. तुळसा आरामात निवडून आली.

भिकाजी संध्याकाळी ओटीवर येऊन बसले. "देवाला दिलेला शबूद मोडलात तुमी."

"आमी कुटं दिलावता?" मालन म्हणाली. "तुमीच सांगितलंत, पऱ्यावर, सगळ्यांदेखत."

भिकाजी खालच्या आवाजात म्हणाले, "फुडल्या टायमाला तुमीपन देवळात या. नारळाला हात लावायला."

"येव की," मालन म्हणाली. "पन ठरवताना बोलवा. नारळ मागनं ठेवू."