चहानंतरचा कौल

नगराध्यक्षाची निवडणूक इतकी अटीतटीची झाली की आमच्या ह्यांनी, निवृत्त मास्तर अनंतरावांनी, स्वतःच जनमत चाचणी काढली. त्यांचे दोस्त, गादीघरवाले शकूरभाई, तरी मागे कसे राहतील? त्यांनीही काढली. मास्तरांच्या चाचणीत वायाळ वकील पुढे, शकूरभाईंच्या चाचणीत सावजी डॉक्टर. ज्याला जो आवडतो तोच जिंकत होता, यात मला तरी नवल वाटलं नाही.

रविवारी दोघं आमच्या ओसरीवर आकडे ताडून पाहायला बसले.

"तुम्ही इचारलं कोणाले?" मास्तरांनी सुरुवात केली.

"बाजारगल्लीतल्या साऱ्याईले. दुकानात बसवून, चहा पाजून."

"मी बी त्याईलेच इचारलं. घरी बोलावून, चहा पाजून."

म्हणजे गल्लीनं दोन्हीकडचा चहा घेतला आणि दोघांनाही "हाव, तुमचाच माणूस" म्हणून टाकलं. ज्याचा चहा प्यायचा त्याला तोंडावर नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. एवढं कळायला चाचणी कशाला लागते?

"लोकं लबाड आहेत वहिनी," शकूरभाई चिडले. "खरं सांगाले काय जाते?"

"भाऊ, तुम्ही मास्तराईले कोणाकडे मोजलं?" मी विचारलं.

"डॉक्टरकडे. सोताच म्हणाले ना."

"अन् तुम्ही शकूरभाऊले?"

मास्तर चष्मा पुसू लागले. "वकिलाकडे."

मी आत जाऊन चहा आणला.

"वहिनी, तुमचं मत कोणाले?" शकूरभाईंनी कप उचलत विचारलं.

"तुमच्याच माणसाले," मी दोघांकडे पाहून म्हटलं.

दोघांचेही चेहरे खुलले.