पायरीआधीची गालिच्याची कड

मित्रांनो, फिरतं घर बघायला आलेली माणसं आधी पडदे बघतात, मग शेगडी चालू-बंद करतात, मग गादीवर बूड टेकवून दोनदा उसळून बघतात. खाली कुणी बघत नाही. ज्याच्यावर उभं राहून हे सगळं कौतुक चालतं, तो मी. मी एका जुन्या मोटारहोमचा तळ आहे. साध्याच प्लायवूडचा आहे, पण माझ्यात माणसं फार मुरली आहेत.

अमेरिकेत, इंडियानातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. आमच्यात आधी तळ घालतात, त्यावर लगेच गालिचा अंथरतात, मग कपाटं, पलंग, ओटा ठोकतात आणि भिंती सगळ्यात शेवटी उभ्या करतात. मला ठोकणारी बाई मोठ्या आवाजाची होती. प्रत्येक खिळा मारताना म्हणायची, "हलू नकोस रे बाळा, झालं आता." मला बाळ म्हणणारं माणूस त्यानंतर भेटलं नाही.

स्वयंपाकाच्या जागेत लिनोलियमची पातळ चादर आणि बाकी सगळीकडे जाड तपकिरी गालिचा, असा माझा पोशाख होता. दारापाशी गालिचा जरा वर राहिला. लिनोलियम संपून जिथे गालिचा सुरू व्हायचा, तिथे बोटभर जाडीची कड आली. त्या कडेपुढे एक पाऊल टाकलं की दाराचा खड्डा. दोन पायऱ्या खाली, मग दार. ती कड म्हणजे खरं तर कामातली चूक होती. कुणाला खुपली नाही, म्हणून राहून गेली.

मला घेतलं लोवेल आणि आर्लिस या जोडप्याने. लोवेल मिनेसोटात ट्रॅक्टर विकायचा. जीभ अशी तिखट की गिऱ्हाईक हसता हसता ट्रॅक्टर घेऊन जायचं. आर्लिस शाळेत पोरांना जेवण वाढायची. दोघं निवृत्त झाली, घर विकलं आणि माझ्यावर राहायला आली. तिकडे बर्फ पडायला लागला की आम्ही ॲरिझोनाच्या वाळवंटात उतरायचो. तिथे आमच्यासारख्या गाड्यांची वस्तीच वसते. चार वाजले की सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन बाहेर बसतात आणि एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवतात.

माणूस मी पायांवरून ओळखतो. लोवेल टाचा आपटत चालायचा, जणू माझ्यावर त्याचा काही राग होता. आर्लिसचा पाय हलका. सकाळी अनवाणी उठायची, कॉफी चढवायची आणि वाळूचा कण न् कण झाडून काढायची. कधीमधी दारात उभी राहून डोंगरावरचं ऊन बघायची. तेव्हा तिची बोटं गालिच्यात रुतायची आणि मला फार बरं वाटायचं. ती वर्षं माझी सुखाची.

मग आर्लिसच्या डोळ्यांना समोरचं मधलंच दिसेनासं झालं. कडेकडेचं दिसायचं, पण माणसाचा चेहरा, कपातली कॉफी, पायाखालची पायरी यांच्या जागी नुसता धुरकट डाग. तिने कुणाला सांगितलं नाही. कारण लोवेलने कधीच सांगून ठेवलं होतं, "आपल्यातलं एक जण निकामी झालं की गाडी विकायची आणि त्याला वृद्धाश्रमात टाकायचं. मला नर्सबाई होणं जमणार नाही." तो हे हसत म्हणाला होता. आर्लिसने ते हसण्यावारी नेलं नाही.

मला मात्र कळलं होतं. ओट्याकडून दाराकडे जाताना तिच्या पायाचा अंगठा जरा पुढे यायचा आणि गालिच्याची कड शोधायचा. कड लागली की ती थांबायची, उजव्या हाताने दांडा धरायची आणि राणीसारखी खाली उतरायची. बघणाऱ्याला शंका यायची नाही. त्या बोटभर कडेवर बाईचं अख्खं घर टिकून होतं.

आमच्या वस्तीत फेब्रुवारीत दारं उघडी ठेवायचा एक दिवस असतो. ज्याने गाडी नटवली असेल तो दार उघडून बसतो, सगळे आत येऊन हिंडतात, खातात-पितात, मत देतात. सगळ्यात चांगल्या गाडीला निळी फीत. एका वर्षी ती फीत रॉजर नावाच्या शेजाऱ्याने नव्या तळासाठी पटकावली. लोवेलच्या अंगाचा तिळपापड झाला.

"त्या रॉजरला फीत! ज्याला साधा दिवा बदलता येत नाही!" तो माझ्यावर येरझाऱ्या घालत म्हणाला. "बघ तू. पुढच्या वेळी असा तळ घालतो की त्याने बूट काढून नमस्कार केला पाहिजे."

पुढच्या हिवाळ्यात तो दुकानातून नमुन्याचे तुकडे घेऊन आला आणि माझ्यावर मांडून बसला. लाकडासारख्या दिसणाऱ्या, व्हिनाइलच्या म्हणजे प्लास्टिकच्या फळ्या होत्या. कुठली खरखरीत, कुठली गुळगुळीत. शेजारचा ड्वेन आणि त्याची बायको कॉनी बघायला आली होती. ड्वेनने जन्मभर लोकांच्या घरात तळ घातले होते, म्हणून त्याला मदतीला बोलावलं होतं.

"हं, आर्लिस, निवड," लोवेल म्हणाला. "राणीसरकारांच्या मर्जीशिवाय कसं व्हायचं?"

आर्लिस गुडघ्यांवर बसली. एकेक तुकडा उचलून अंगठ्याने चोळू लागली. "ही," ती म्हणाली. "हिच्यावर पाय घसरणार नाही."

"रंग कुठला गं तिचा?"

"मातकट."

लोवेलने तो तुकडा तिच्या हातातून घेतला, पालथा केला आणि पुन्हा तिच्या हातात दिला. "आणि ही?"

"ही जरा राखाडी वाटते. हीसुद्धा वाईट नाही."

"अगं, तोच तुकडा आहे! पालथा करून दिला! तू त्याचं बूड बघून रंग सांगतेयस!" तो मांडीवर थाप मारून हसला. कॉनीही हसली आणि मग तिने तोंडावर हात ठेवला.

आर्लिसही हसली. "चष्मा आत राहिला वाटतं माझा."

"चष्मा तुझ्या नाकावर आहे," लोवेल म्हणाला.

मित्रांनो, तिने हात वर नेऊन नाकावरचा चष्मा चाचपला. मग तुकडा माझ्यावर ठेवून ती ओट्याला धरून उठली.

ती कॉनीबरोबर बाहेर गेल्यावर ड्वेनने हळूच विचारलं, "लोवेल, तिला दिसत नाही की काय?"

"कधीपासून दिसत नाही. कप भरताना बोट बुडवून बघते," लोवेल म्हणाला. "पण तिने सांगावं की आपल्या तोंडाने. किती दिवस नाटक करते ते बघू या. मला घाई नाही."

"अरे, ती बायको आहे तुझी."

"म्हणून तर मजा येते."

ड्वेनने खाली पडलेले तुकडे गोळा करायला घेतले. मला तोंड असतं तर मी बोललो असतो. पण तळाला तोंड नसतं आणि ज्यांना असतं ते असे गप्प बसतात.

दुसऱ्या दिवशी गालिचा फाडायला घेतला. तो कपाटांच्या खाली गेलेला, त्यामुळे कडेकडेने सुरी फिरवून कापावा लागला. तो निघाला तसा माझ्या अंगाला कितीतरी वर्षांनी वारा लागला. मला ते आवडलं नाही. लोवेल आणि ड्वेन कापत कापत दाराजवळ आले तेव्हा आर्लिस ओट्याला धरून उभी होती.

"लोवेल, पायरीपाशी वीतभर राहू दे ना. तेवढाच."

"कशाला?"

"मला आवडतो तो."

"आवडतो! अख्खी गाडी आरशासारखी करायची आणि दारात हे मळकं लक्तर? लोक शेण घालतील माझ्या तोंडात."

ड्वेनने मान वर केली. "मग निदान कडेला खरखरीत पट्टी तरी मार. पायरी कुठे आहे ते पायाला कळतं. पाच मिनिटांचं काम आहे."

"पट्टी मारली की नजर अडते. मला पुढच्या काचेपासून मागच्या पलंगापर्यंत एकसंध हवं."

"आणि पायऱ्या?"

"पायऱ्यांनाही तेच. अगदी तेच."

आर्लिसने अंगठ्याने निवडलेल्या खरखरीत फळ्या आणल्याच नव्हत्या. ज्या आल्या त्या गुळगुळीत, चकचकीत. एकात एक अडकवत माझ्यावर बसवल्या आणि मी दिसेनासा झालो. दाराजवळचा कापलेला गालिचा लोवेलने बाहेर टाकला आणि आपल्या खुर्चीखाली अंथरला. पायांना वाळू लागू नये म्हणून.

त्यानंतर आर्लिस माझ्यावर परकी झाली. अंगठा पुढे यायचा, शोधायचा, काही लागायचं नाही. तेव्हा ती रबरी तळाच्या चपला घालून, पाय न उचलता सरपटत दाराकडे जायची आणि एक हात हवेत धरायची.

"हे काय, बॅले करतेस?" लोवेल विचारायचा. "लोकांना तिकीट लावू या का?"

"कंबर धरलीय जरा," ती म्हणायची.

तरी ती बोलली नाही. बोलली की घर जाणार. खिडकीतलं ऊन, कॉनीबरोबरची कॉफी, सकाळचा झाडू, सगळं जाणार. बाईने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

मग तो दारं उघडी ठेवायचा दिवस आला. सगळी वस्ती लोटली. बूट दाराबाहेर काढायचे, असा लोवेलचा हुकूम. माणसं मोजे घालून माझ्यावरून फिरत होती आणि वा वा करत होती. रॉजरसुद्धा म्हणाला, "मानलं बुवा."

लोवेल फुगला होता. तेवढ्यात त्याचं लक्ष आर्लिसच्या पायांकडे गेलं. "चपला काढ. रबराचे डाग पडतात."

"लोवेल, मला त्याच्याशिवाय..."

"त्याच्याशिवाय काय? बोल ना. सगळे ऐकतायत."

सगळे खरंच ऐकत होते. आर्लिसने चपला काढल्या. खाली लोकरी मोजे होते.

"आता कसं! जा, दारातल्या मंडळींना अंडी दे." त्याने भरल्या अंड्यांचं मोठं ताट तिच्या दोन्ही हातांत दिलं. दांडा धरायला हात उरला नाही.

ती निघाली. अंगठा पुढे आला. मी माझ्या परीने सगळं अंग ताठ केलं, पण माझ्यावर दुसरंच कातडं होतं. आर्लिस, थांब गं, इथेच आहे कड, इथेच होती! कोण ऐकणार? तिचा पाय हवेत पडला. ताट, अंडी आणि आर्लिस, सगळं त्या खड्ड्यात गेलं. हाड मोडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला.

मग लोवेल ओरडला, "अरे देवा! कुणी बघा रे, फळीला चरा पडला का?"

खड्ड्यातून आर्लिसचा आवाज आला. मोठा नव्हता, पण बाहेरच्या खुर्च्यांपर्यंत गेला. "लोवेल, मला दिसत नाही रे. कितीतरी दिवस दिसत नाही."

"आता सांगतेस?" लोवेल म्हणाला. "लोकांसमोर?"

तिला इस्पितळात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. तिथून तिला मिनेसोटाच्या वृद्धाश्रमात टाकलं, जसं लोवेलने आधीच ठरवलं होतं. ती पुन्हा माझ्यावर आली नाही. आणि मित्रांनो, निळी फीत लोवेललाच मिळाली. आर्लिस पडण्याआधीच सगळ्यांची मतं देऊन झाली होती. त्याने ती पुढच्या आरशाला बांधली. कॉनीने त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याला त्याचं काही वाटलं असेल, असं मला नाही वाटत.

त्याच हिवाळ्यात त्याने गाडी विकायला काढली. गेल नावाची एकटी बाई बघायला आली. तिच्याबरोबर तिचा म्हातारा कुत्रा होता. त्याने माझ्यावर पाय ठेवला आणि चारही पाय चार दिशांना गेले. तो पोटावर बसला आणि कुईकुई करू लागला.

"नाही जमायचं मला," गेल म्हणाली. "याला आता धड दिसत नाही. पायरी कळायची नाही त्याला, पडेल बिचारा."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!" लोवेल म्हणाला आणि बाहेर धावला. खुर्चीखालचा तपकिरी गालिचा त्याने उचलला, झटकला, वीतभर कापला आणि पायरीच्या आधी, अगदी तिथेच, खिळे मारून ठोकला. खिळे नव्या फळीतून आरपार माझ्यात आले. त्या चकचकीत तळाला भोकं पडली, पण त्या दिवशी लोवेलला त्याचं काही वाटलं नाही. "मुक्या जनावराला कळणार कसं हो, पायरी कुठे आहे ते?" तो कुत्र्याला थोपटत म्हणाला.

ड्वेन बाहेर उभा राहून बघत होता. "किती वेळ लागला रे, लोवेल?" त्याने विचारलं.

लोवेलचा हातोडा क्षणभर थांबला. "मला गाडी विकायचीय," तो म्हणाला आणि शेवटचा खिळा मारला.

आता मी गेलचा आहे. कुत्रा सुखात आहे. रोज दाराकडे येतो, पंजाने कड चाचपतो, थांबतो आणि नीट खाली उतरतो. त्याचा काही दोष नाही. पण त्याचा पंजा लागला की दर वेळी मला एक अंगठा आठवतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातलं कुणी वीतभर गालिचा मागत असेल, दिवा जरा लवकर लावा म्हणत असेल, तर त्याच्या तोंडून कारण वदवून घेत बसू नका. ते सांगणार नाही, कारण त्याला तुमचीच भीती वाटते. उठा आणि ठोकून द्या. पाच मिनिटांचं काम आहे.