बरोबरचं चिन्ह

रंभाबाईंची दोन बोटं टॉवेल कापायच्या मशिनीत गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी हिंदुरावांनी चैतालीला केबिनमध्ये बोलावलं आणि सर्किटात काही दोष नाही असं लिहून मागितलं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत हिंदुरावांचं छोटं युनिट होतं. टॉवेल कारखान्यांना लागणारी कंट्रोल सर्किटं तिथं बनत. पात्यापुढची जाळी उघडली की मोटार थांबवायची, हे त्या सर्किटाचं काम. हे सर्किट बसवलेल्या एका टॉवेल कारखान्यात रंभाबाई जाळी उघडून अडकलेलं सूत काढत होत्या आणि पातं फिरतच राहिलं. हिंदुरावांच्या मते बाईनं घाई केली. जोडण्या आणि व्होल्टेज एवढंच टेस्टिंग चैतालीकडे होतं. प्रोग्राम बघितल्याशिवाय सही करणार नाही, असं तिनं सांगितलं.

प्रोग्राम हिंदुरावांच्या पुतण्यानं, ऋतुराजनं लिहिलेला. तो आता पुण्यात नोकरीला होता. त्याच्या इथल्या कॉम्प्युटरला पासवर्ड होता, आणि दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर हा प्रोग्राम तयारच होत नाही, हात लावू नका, असं तो फोनवर म्हणाला. दोन वर्षं चैताली हेच ऐकत आली होती. पण प्रोग्रामच्या फायली बॅकअपमध्ये होत्या.

तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबंटू ही मोफत सिस्टिम होती. लागणारी सगळी साधनं तिच्या रिपॉझिटरीत, म्हणजे इंटरनेटवरच्या कोठारात असतात हे तिला माहीत होतं: लिहिलेला प्रोग्राम चिपच्या भाषेत बदलणारा कंपायलर, त्याची लायब्ररी आणि चिपमध्ये प्रोग्राम उतरवणारं एव्हीआरड्यूड. तिनं एका ओळीच्या कमांडनं तिन्ही मागितली. पॅकेज सापडत नाही, असं उत्तर आलं. रिपॉझिटरीचा युनिव्हर्स हा विभागच बंद होता. तो चालू केला, यादी ताजी केली आणि पुन्हा तीच ओळ दिली. टपरीवरचा चहा येईपर्यंत सगळं बसलंसुद्धा. दोन वर्षं ज्याचा एवढा बाऊ केला होता, ते एवढंच होतं. तिचं डोकं तिथंच तापलं.

प्रोग्राम लगेच तयार झाला. एकही तक्रार नाही, हेच तिला खटकलं. तिनं कंपायलरला दिलेल्या सूचना उघडल्या. चुकीची शंका आली की कंपायलर इशारे देतो; ते सगळे बंद ठेव, असं ऋतुराजनं त्यात लिहून ठेवलं होतं. तिनं तेवढं खोडलं आणि पुन्हा चालवलं. या वेळी चाळीसेक इशारे आले. त्यातला एक जाळीच्या ओळीचा होता. जाळी बंद असेल तरच मोटार चालव, असं तिथं हवं होतं. बंद आहे का हे तपासायला दोन बरोबरची चिन्हं लागतात. ऋतुराजनं एकच टाकलं होतं. एक टाकलं की जाळी बंदच आहे असं धरून मोटार चालते, मग ती सताड उघडी का असेना.

कंपायलर हे पहिल्याच दिवशी सांगत होता. ऋतुराजनं त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं.

दुसरं चिन्ह घालून तिनं नवा प्रोग्राम तयार केला आणि सर्किट, टेस्टिंगची छोटी मोटार आणि लॅपटॉप घेऊन ती केबिनमध्ये गेली. जुना प्रोग्राम चालवून जाळीचा स्विच उघडला. मोटार फिरत राहिली. मग तिनं नवा प्रोग्राम उतरवायला घेतला, तर लॅपटॉपनं सर्किट जोडलेल्या पोर्टची परवानगी नाकारली. पोर्ट वापरायची मुभा असलेल्या डायलआउट गटात स्वतःचं नाव घालून पुन्हा लॉग इन करेपर्यंत हिंदुराव घड्याळ बघत होते. नव्या प्रोग्रामवर स्विच उघडताच मोटार थांबली.

हिंदुरावांनी केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, यापुढच्या सर्किटांत हाच घाल, बाहेर वाच्यता नको. जुन्या प्रोग्रामची अकरा सर्किटं आधीच कारखान्यांत बसली होती.

"सर, त्या अकरा ठिकाणी आत्ता बायका उभ्या आहेत," चैताली म्हणाली.

"माझ्या पुतण्याचं नाव घालवू का मी?"

"तुम्ही नका फोन करू. मी करते."

तिनं बाहेर येऊन ग्राहकांची यादी काढली आणि एकेका कारखान्याला फोन लावला: मशीन बंद ठेवा, सर्किट चुकीचं आहे. हिंदुरावांनी दारात उभं राहून उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिनं पुढचा नंबर फिरवला. सर्व्हिसचे जालिंदर सगळं ऐकत होते. त्यांनी मोटरसायकलची किल्ली उचलली. दोन दिवसांत दोघांनी अकराही सर्किटांत नवा प्रोग्राम घातला.

त्यानंतर ती रंभाबाईंकडे गेली. हात बांधलेला होता. त्या सारखं तेच सांगत होत्या: ध्यान न्हवतं माजं, घाई केली. कारखान्यात सगळ्यांनी तेच त्यांच्या कानावर घातलं होतं.

चैतालीनं त्यांना सगळं समजावलं. इशारे बंद केल्याचंही सांगितलं. रंभाबाईंनी ते दोनदा सांगायला लावलं.

"म्हंजी माजी चूक न्हाय?"

"नाही, मावशी."

त्यांनी बांधलेला हात मांडीवर घेतला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मग मला ह्यो राग इतकं दिस का न्हाय आला?"

चैतालीनं पिशवी खाली ठेवली. ती त्यांच्याजवळ बसून राहिली.