पुलावरची गाठोडी

'गाठोडी' हे नाव मीच ठेवलं होतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला गरीब बिचारी समजायला नको.

आमचा पूल पाच मैलांचा. दोन्ही अंगांना तळी, पण दुसरा काठ दिसत नाही एवढी मोठी. मधल्या भागात रस्त्याऐवजी लोखंडी जाळी आहे. जाळीतून खाली पाणी दिसतं, चाकं गुणगुणायला लागतात, आणि तिथेच भल्याभल्यांची तंतरते. अशी माणसं टोलनाक्यावरून फोन करतात आणि आमच्यापैकी कुणीतरी जाऊन त्यांची गाडी पलीकडे नेऊन देतं. कुणी डोळे मिटून बसतं, कुणी देवाचं नाव घेतं, आणि काही जण मागच्या सीटवर आडवे होऊन डोक्यावरून ब्लँकेट ओढून घेतात. ती गाठोडी. "आज किती गाठोडी?" असं आम्ही कॉफी पिताना एकमेकांना विचारायचो आणि खिदळायचो.

बारा वर्षं मी हे काम केलं. माझी युक्ती एकच, बोलत राहायचं. पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत तोंडाचा पट्टा बंद करायचा नाही. कुत्री, नातवंडं, शेजाऱ्यानं गॅरेजला फासलेला भयानक रंग, काहीही चालतं.

जुलैत एमेटकाका लाफ्लूर आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, शेळ्या पाळतात, दरवर्षी जुलैत आणि ऑक्टोबरात पलीकडे बहिणीकडे जातात. त्यांचं हिरवं ब्लँकेट मला पाठ आहे. मी त्यांना आमच्या पत्त्यांच्या डावातली भांडणं सांगत होते. जाळी सुरू झाली आणि माझी बोटं बधिर झाली. छातीत धडधडायला लागलं, श्वास अर्ध्यातच अडकायला लागला. मला वाटलं, व्हर्ना, संपलं सगळं. तोंडातून शब्द फुटेना.

तेवढ्यात ब्लँकेटखालून काका सुरू झाले. "बीट्रिस सगळ्यात थोरली. दाराची कडी तोंडानं काढते. तिच्याखालची मार्था. तिचं आणि बीट्रिसचं पटत नाही." अशा नऊ शेळ्या, एकेकीच्या खोडीसकट. मनात म्हटलं, इथे बाई मरतेय आणि ह्यांना शेळ्या सुचतायत! पण दुसरं धरायला काही नव्हतं म्हणून मी शेळ्याच धरल्या. नवव्या शेळीला पलीकडचा किनारा आला. काकांच्या हातात किल्ली दिली आणि तिथल्या आमच्या ऑफिसच्या मागे जाऊन जमिनीवर फतकल मारून बसले.

आम्हा चालकांना परत न्यायला ऑफिसची व्हॅन आली तेव्हा डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. अलीकडे आल्यावर थेट हॉस्पिटल गाठलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाला, "हृदय ठणठणीत आहे. हा पॅनिक अटॅक होता. एखाद्या थेरपिस्टला भेटा." मला रागच आला. हार्ट अटॅक आला असता तर निदान शेजारणींनी जेवण तरी आणून दिलं असतं.

साहेबांना, म्हणजे ऑरिनला, मी कंबर धरल्याचं सांगितलं. त्यानं मला टोलच्या खिडकीत बसवलं. "सप्टेंबर संपेपर्यंत थांबतो," तो म्हणाला, "मग तुझ्या जागी दुसरं कुणीतरी घ्यावं लागेल." मी मान डोलावली. पण खिडकीतसुद्धा मी पुलाकडे पाठ करून बसायला लागले. मग दुकानात, रांगेत उभी असताना बोटं बधिर व्हायला लागली. आयुष्यात मला एकच काम खरोखर चांगलं जमलं होतं, आणि तेच हातातून चाललं होतं.

ऑगस्टमध्ये शेवटी विमा कंपनीची यादी काढली. चौदा नावं होती. पहिला निवृत्त झालेला. दुसरी फक्त लहान मुलांना बघायची. तिसऱ्या नंबरावर मासेमारीचं सामान विकणारं दुकान निघालं. "थेरपिस्ट नाही हो बाई," तो माणूस हळहळून म्हणाला, "पण गांडुळं एकदम ताजी आहेत." एका बाईकडे मार्चपर्यंत जागा नव्हती. मार्च! तोवर मी शहाणी होईन नाहीतर वेडी, दोन्हीपैकी काहीही झालं तरी मग तिची गरज काय? दोन दिवस फोन करत होते. चौदाव्या नंबरावर बाईनं स्वतःच फोन उचलला. ज्युडिथ पेल्की.

"मंगळवारी दहाला जमेल?" तिनं विचारलं.

मला रडूच यायचं बाकी होतं. मग तिनं पत्ता सांगितला.

"हे तर पुलापलीकडे आहे," मी म्हटलं.

"हो."

"अहो, मला पुलाचाच त्रास आहे."

"बरं. काम काय करता तुम्ही?"

मी सांगितलं. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "माफ करा, मी फोन थोडा लांब धरला होता." हसायला लांब धरला होता, हे मला कळलं. आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा मीही हसले.

व्हिडिओवर भेटू म्हणाली, पण आमच्या घरी नेट म्हणजे अस्वलासारखं, दिसलं तर दिसलं. "मग काय," ती म्हणाली, "घाबरलेल्यांना पलीकडे आणून सोडणारी माणसं असतात ना तिथे?"

माझा नवरा रूडी मालवाहू बोटीवर, डिसेंबरशिवाय घरी येत नाही. तेव्हा मंगळवारी टोलनाक्याशी गाडी लावली आणि आमच्याच ऑफिसला फोन केला. देवा, कुणीही पाठव, ड्वेनला नको, असं मनात म्हणत होते. ड्वेन माझ्याच वयाचा, माझ्याच हाताखाली शिकलेला, आणि गाठोड्यांची नक्कल करण्यात पटाईत. अर्थात तोच आला.

"कुठंय आपलं गाठोडं?" लांबूनच ओरडला. मग त्याला मी दिसले, मांडीवरचं ब्लँकेट दिसलं.

"अगं, तुझी कंबर..."

"कंबरेला काही झालेलं नाही."

त्यानं किल्लीसाठी हात पुढे केला. मी दात आवळून वाट बघत होते.

"पुढे बसतेस की मागे?"

"मागे."

"आडवी होणार?"

"ड्वेन, आता एक शब्द बोललास तर..."

"विचारावंच लागतं बाई. तूच शिकवलंयस."

मी आडवी झाले, ब्लँकेट ओढून घेतलं. गाडी सुरू झाली.

"तर मॅडम, तुमच्या कुत्र्याचं नाव काय?"

"तुला चावलाय तो! नाव माहीत आहे तुला."

"माझ्या पँटची आठवण काढू नकोस. चांगली पँट होती ती."

मग तो बोलतच सुटला. जाळी आली, चाकं गुणगुणायला लागली, आणि त्याचा एकही शब्द मला कळेनासा झाला. फक्त आवाज चालू आहे म्हणजे गाडी चालू आहे, एवढं कळत होतं. बारा वर्षं मी लोकांना विनोद सांगत होते, आणि ऐकत कुणीच नव्हतं!

पलीकडे उतरल्यावर विचारलं, "ऑफिसात सांगणार?"

"सांगणारच. परत न्यायला कुणी यायचं ते ठरवायला नको?"

पुढच्या मंगळवारी ऑफिसच्या फळ्यावर 'व्हर्ना, नऊ वाजता' असं लिहिलेलं होतं. गाठोडी हा शब्द त्यानंतर मी तिथे ऐकला नाही. ऑरिननं फक्त एवढंच विचारलं, "तुझी कंबर डोक्यात असते, हे आधी का नाही सांगितलंस?" आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसला.

ज्युडिथची खोली लाँड्रीच्या वर होती. बाई साठीची, दाराशी चिखलानं माखलेले बूट. मला वाटलं होतं, ती सिनेमातल्यासारखं आईबद्दल विचारेल. तिनं विचारलं, "आत्ता भीती किती आहे, दहापैकी?"

"सहा."

"बसून राहू या मग."

तिचं म्हणणं असं, की भीतीला हाकलायला गेलं की ती दारात ठाण मांडते. तिला आकडा द्यायचा आणि उतरेपर्यंत जागचं हलायचं नाही.

"आणि नाही उतरली तर?"

"माणूस दमतं, तशी भीतीही दमते. आजवर कुणाची कायम दहावर राहिलेली मी पाहिली नाही."

डॉक्टरनं एक लहानशी गोळीही दिली, ती रोज घेतली. तिसऱ्या आठवड्यात ब्लँकेट गेलं. चौथ्या आठवड्यात मी पुढे बसले. सप्टेंबरच्या मध्यावर गाडी माझ्या हातात आणि ड्वेन शेजारी.

"नऊ!" मी जाळीवर ओरडले.

"अगं, ट्रक आहे पुढे!"

"दिसतोय मला ट्रक! माझे नऊ सांगतेय!"

"हां, मग ठीक आहे. सांगत राहा."

पलीकडे पोचेपर्यंत पाच झाले होते. माझा नऊचा आकडा पुलावर, चालत्या गाडीत, माझ्याच डोळ्यांदेखत पाचावर आला! त्या दिवशी मी ज्युडिथचे दोन्ही हात धरले आणि लहान पोरीसारखी रडले. सुटल्यासारखं वाटत होतं. महिनाअखेरीला ऑरिननं माझ्या हातात पुन्हा कामाचं जाकीट ठेवलं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एमेटकाका आले. तेच हिरवं ब्लँकेट. मी त्यांना नीट पांघरून दिलं आणि निघाले. जाळी जवळ आली तशी विचारलं, "काका, किती भीती वाटतेय, दहापैकी?"

"आठ," ब्लँकेटखालून उत्तर आलं. "का?"

"सहज. माझे तीन आहेत."

"तुझे तीन? अगं, तू गाडी चालवतेयस!"

"तिनावर मी गाडी चालवते, स्वयंपाक करते आणि पत्त्यांत जिंकतेसुद्धा."

काका हसले. मग म्हणाले, "जुलैत मात्र दहा होते तुझे."

माझं वेगकाट्याकडचं लक्ष उडालं. "तुम्हाला कसं कळलं?"

"तू बोलायची थांबलीस. इतक्या वर्षांत कधी थांबली नव्हतीस. म्हटलं, हिला काहीतरी होतंय, आता कुणीतरी बोललं पाहिजे. मला शेळ्यांशिवाय दुसरं काय येतंय?"

चाकं गुणगुणायला लागली. माझे हात स्टीअरिंगवर होते आणि बोटं सगळी जागेवर होती.

"काका," मी म्हटलं, "बीट्रिस कशी आहे?"

त्यांनी ब्लँकेट हनुवटीपर्यंत खाली ओढलं आणि सांगायला लागले.