सुलट कोरलेला शिक्का

तीस वर्षांत शिक्केवाल्याची कुणी तोंडभरून स्तुती केली नव्हती. शिक्का नीट उमटला की गिऱ्हाईक चालतं व्हायचं, आणि नाही उमटला की मात्र सगळा बाजार गोळा करायचं. बायकोची शाबासकी "ठीक आहे"च्या पुढे कधी सरकली नव्हती. त्यामुळे त्या सकाळी दुकानात आलेला माणूस "हात नाही हो तुमचा, सोनं आहे," असं म्हणाला, तेव्हा बिचारा पाघळलाच.

पाहुणा म्हणजे साखरेची गोणी. मशीनचे शिक्के कसे निर्जीव आणि शहरात खरा कलावंत कसा एकच उरलाय, हे त्याने बसल्या बसल्या ऐकवलं. मग खिशातून चिठ्ठी काढली. एका डॉक्टरांचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक. शिक्का आजच हवा. डॉक्टरांचं पत्र? ते उद्या आणून देतो, तुमच्यासारख्या माणसाला कुणी फसवतं का?

पत्राशिवाय डॉक्टरचा शिक्का करायचा नाही, हा वडिलांपासूनचा नियम. त्या शिक्क्यावर कुणीही कसलंही औषध उचलू शकतं, आणि उद्या कुणाचा जीव गेला तर त्यात कोरणाऱ्याचाही हात असतो. आईसुद्धा दर रविवारी प्रार्थनेहून परतताना बजावायची, की तोंडावर गोड बोलणारा आपल्या पायांखाली जाळं पसरत असतो. शिक्केवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. मशीनवाल्याचं दुकान समोरच असताना हा इथे का आला? पण कान इतके सुखावले होते, की हाताने पातं कधी उचललं ते कळलंच नाही. रबरावर पहिलं अक्षर कोरून झालं. उलटं, जसं कोरायचं असतं तसं.

तेवढ्यात पाहुण्याची नजर भिंतीवरच्या चौकटीवर गेली. "आणि हे? काय वळणं आहेत! अशी जुनी लिपी आता कोण कोरतं?"

पातं थांबलं. चौकटीत होता शिक्केवाल्याच्या पहिल्यावहिल्या शिक्क्याचा ठसा. सोळाव्या वर्षी "मिळाले" हा साधा शब्द त्याने उलटा कोरायच्या ऐवजी सुलट कोरला होता, आणि कागदावर तो उलटा उमटला होता. डोक्यात हवा गेली की इकडे बघ, असं म्हणून वडिलांनी तो ठसा काच लावून टांगला होता.

म्हणजे या माणसाने काही पाहिलंच नव्हतं. ना हात, ना अक्षर. शिक्केवाल्याला संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

"आधी पत्र आणा," तो म्हणाला, आणि कोरलेल्या अक्षरावर त्याने आडवं पातं फिरवलं.

क्षणात साखर संपली. असले छप्पन्न शिक्केवाले पडलेत, असं सुनावून पाहुण्याने चिठ्ठी हिसकावून घेतली. समोरच्या दुकानाकडे तो वळलासुद्धा नाही; तिथेही पत्र मागितलंच असणार.

दुपारी बायको डबा घेऊन आली. तो रबराचा तुकडा उचलून म्हणाली, "सकाळभर एकच अक्षर, तेही कापलेलं?" त्याने सगळं सांगितलं, पाघळल्याचंही. तिने भिंतीकडे पाहिलं, फडक्याने चौकटीची काच पुसली आणि डबा उघडता उघडता म्हणाली, "ठीक आहे."

शिक्केवाल्याचे डोळे भरून आले.