परत येणाऱ्यांची जागा

पोलंडमधल्या तोरुन शहरात प्रदर्शन-सभागृहासमोर यागोदा ट्राममधून उतरली तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते आणि दाराबाहेर रांग नव्हती. तिने आधी घड्याळ पाहिलं, मग फाटकावरचा फलक. तारीख बरोबर होती. फलकावरचा संमेलनाच्या बोधचिन्हातला कोल्हाही तोच होता, फक्त आता कुणीतरी तो नीट रंगवला होता.

तेरा वर्षांनी ती या ॲनिमे संमेलनाला, जपानी कार्टूनमधल्या पात्रांचे पोशाख घालून जमणाऱ्या चाहत्यांच्या मेळ्याला, येत होती. आठवडाभर दवाखान्याच्या नोंदणी-खिडकीत बसून तिची पाठ धरली होती. काल एका म्हाताऱ्याने नंबर चुकला म्हणून काचेवर काठी आपटली होती. शनिवारची झोप सोडून ती आली होती ती एक वाक्य बोलायला. ट्राममध्ये ते तीनदा मनात म्हणून झालं होतं. वाक्य बोग्नासाठी होतं, आणि बोग्ना आता संमेलनाची प्रमुख होती.

दारात स्वयंसेवकाच्या नारिंगी बंडीतला कायेतान उभा होता. जुन्या चमूतला तो एकटाच तिला अधूनमधून फोन करायचा. दाढी पांढरी झाली होती, पोट सुटलं होतं.

"आयला, हजेरीबाई!"

"हळू बोल. रांग कुठाय?"

"मेली. आता तिकिटावरच वेळ छापलेली असते. दाखव तुझं. अकरा. ये आत, कोण बघतंय?"

"अकराचं आहे ना, मग अकराला येते."

"काडीचा फरक नाही हिच्यात!" कायेतान म्हणाला. "बरं, निदान बाकावर तरी बस. आता आमच्याकडे बाकं असतात. खाली हीटरसुद्धा आहे."

यागोदा बसली. तळपायाला ऊब लागली तसा थकवा आणखीच वर आला.

अकराला ती आत गेली. पूर्वी संमेलन एका शाळेत भरायचं. वर्गांत जमिनीवर झोपायचं, एका नळावर तीनशे जणांनी दात घासायचे. इथे स्वच्छतागृहात पोशाख टांगायला आकडे होते. पोशाख दुरुस्त करायला एका टेबलावर दोन शिलाई मशीनं होती आणि गोंदाचे डबे ओळीने लावलेले. गोंगाटाने थकलेल्यांसाठी वेगळी खोली होती. तिथे चिलखत घातलेला एक दांडगा माणूस शिरस्त्राण मांडीवर ठेवून घोरत होता. आणि सभागृहाच्या बाजूला चांगलं दोन माणसं आडवी मावतील एवढं दार होतं. त्यावर पाटी होती: पंख, शेपट्या, भाले इकडून.

त्या दारापाशी यागोदा बराच वेळ उभी राहिली.

तेरा वर्षांपूर्वी बोग्नाच्या पोशाखाचे पंख बगळ्यासारखे होते. आठ महिने खपून तिने ते केले होते. ते ट्राममध्ये मावेनात म्हणून पाच किलोमीटर ती चालत आली होती, उणे चौदा अंशांत. पहाटेपासून शाळेच्या फाटकाबाहेर रांग होती आणि रांगेची यादी यागोदाकडे. असली यादी कुणी करायला सांगावी लागत नाही. रांग उभी राहिली की इथे कुणीतरी वही काढतोच. टंचाईच्या दिवसांत आयांनी मांसासाठी काढली, आज्यांनी कोळशासाठी. दर तासाला हजेरी, आणि हजेरीला जो नाही त्याच्या नावावर काट. त्या दिवशी वहीत तीनशे चाळीस नावं होती आणि आत जागा तीनशे वीसच.

साडेपाचला रांगेतली एक पोरगी चक्कर येऊन पडली. बोग्ना तिला कोपऱ्यावरच्या बेकरीत घेऊन गेली. यागोदाने ते पाहिलं होतं. सहाची हजेरी झाली तेव्हा बोग्ना परतली नव्हती. त्याआधी यागोदाने दोन भावांची नावं खोडली होती, ते लघवीला गेले म्हणून. आता ते दोघे समोरच उभे होते.

"खोड की! का मैत्रीण म्हणून सूट?"

"कुठे गेलीय, माहीतेय का तुला?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही," यागोदा म्हणाली आणि तिने नाव खोडलं.

परत आल्यावर नाव यादीच्या शेवटी गेलं आणि बोग्ना तीनशे एकेचाळिसावी झाली. दुपारपर्यंत ती पंखांसकट फाटकाबाहेर उभी होती. त्यानंतर त्या दोघी बोलल्या नाहीत. नाव खोडणं बरोबर की चूक यावर यागोदाने स्वतःशी बरीच वर्षं वाद घातला होता आणि दोन्ही बाजू तिला पटत. खुपत होतं ते 'नाही'.

"कुणाला शोधतेस?" कायेतान मागून आला. त्याच्या हातात मशरूम घातलेला भाजका पाव होता, अर्धा त्याने तिच्यापुढे धरला.

"बोग्नाला."

"बारा ते एक तक्रारींच्या टेबलावर बसते. स्वतः. लोकांच्या शिव्या दुसऱ्याने खाल्लेल्या तिला चालत नाहीत. जा, रांग लाव."

"रांग मेली म्हणालास ना?"

"एवढी एकच ठेवलीय. सवय म्हणून."

टेबल लांब कोपऱ्यात होतं. मध्ये पंधरा-सोळा माणसं होती, त्यामुळे बोग्नाचे फक्त आखूड कापलेले केस दिसत होते. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या बाईने यागोदाच्या हातात लाकडी बिल्ला ठेवला. एका बाजूला सतरा आकडा, दुसऱ्या बाजूला कोरलेलं: परत येणार आहे.

"हे काय?"

"तुमची जागा," बाई म्हणाली. "लागलं तर जाऊन या, जागा राहते. इथे कुणाचं नाव खोडत नाहीत."

"कुणी काढला हा नियम?"

"प्रमुखबाईंनी. पहिल्या बैठकीला त्या एवढंच बोलल्या म्हणे."

यागोदाने बिल्ला उलटा केला, सुलटा केला. मग ती रांगेतून बाहेर पडली. कोट घेतला आणि ट्रामच्या थांब्यावर जाऊन बसली. एक ट्राम आली, गेली. दुसरी गेली. घरी जाऊन पाठीवर गरम पाण्याची पिशवी ठेवता आली असती. वाक्य पत्रातही लिहिता आलं असतं. तेरा वर्षं तेच तर म्हणत आलो आपण, असं तिच्या मनात आलं. तिसऱ्या ट्राममध्ये ती चढणार, तेवढ्यात खिशातल्या किल्ल्या चाचपताना बोटांना लाकूड लागलं. दवाखान्यातसुद्धा नंबराचा बिल्ला परत न देता खिशात घालून जाणाऱ्यांचा तिला राग होता. ती परत फिरली.

सव्वा वाजून गेला होता. रांग संपली होती, बिल्ले देणारी बाई जेवायला गेली होती. बोग्ना मात्र टेबलामागे बसून होती. समोर लाकडी पेटीत खाचा होत्या आणि एक सोडून सगळ्यांत बिल्ले होते.

बोग्नाने वर पाहिलं. तिचा चेहरा बदलायला वेळ लागला.

"सतरा तुझ्याकडे होता?"

"हो. एकला बंद होतं ना हे?"

"बिल्ला बाहेर असला की उठता येत नाही. कोण आहे ते माहीत नव्हतं. तू असशील असं वाटलं असतं तर…" तिने वाक्य सोडून दिलं आणि कागद पुढे ओढला. "बोल. तक्रार कुणाविरुद्ध?"

"बोग्ना, त्या दिवशी मला माहीत होतं तू कुठे गेलीस ते. मी नाही म्हटलं. खोटं बोलले."

बोग्नाने पेन खाली ठेवलं.

"माहीत आहे मला."

"कसं?"

"अगं, पोरीसाठी तूच हातमोजे दिलेस ना काढून? बेकरीत मीच घातले ते तिला. आणि तू 'नाही' म्हणालीस ते रांगेत परत आल्यावर कळलंच. तुला आठवत नाही?"

यागोदाला आठवत नव्हतं. तेरा वर्षांत ती पहाट तिने इतक्यांदा उलगडली होती आणि हातमोजे त्यात कधीच नव्हते. ती समोरच्या खुर्चीत बसली, कुणी बस म्हणण्याआधीच.

"मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"म्हणूनच," बोग्ना म्हणाली. "तुझं खोटं माहीत नसतं तर केव्हाच बोलले असते."

बाहेरच्या मंचावर कुणीतरी माइक तपासत होतं. एक, दोन, एक, दोन. बोग्नाने तिच्याकडून बिल्ला घेतला, खाचेत बसवला आणि पेटीचं झाकण लावलं.

"मी विसरलेली नाहीये हां," ती म्हणाली.

"विसर असं म्हणायला आलेच नाही मी."

"उद्या नऊला मोठ्या दारावर माणूस कमी आहे. पंखवाल्यांना सांभाळून आत घ्यायचं. येशील?"

"पाय दुखतात माझे."

"खुर्ची देतो आम्ही."

यागोदाने डोळे चोळले. "येईन. पण यादी माझ्या हातात देऊ नकोस."

"यादीच नाहीये," बोग्ना म्हणाली आणि पेटी उचलून चालू लागली.