नुसतं ‘सात’ म्हणा

“नुसतं सात म्हणा, बाबा. पुढे काही नको.”

“सात,” दोन रजयांच्या आतून बाबा म्हणाले.

“आता शेवट वर ठेवा. म्हणजे पुढे अजून काहीतरी येणार आहे, असं.”

“सात…”

“आता शेवट खाली. वाक्य संपलं, असं.”

“सात.”

पलंगावर रजयांचा तंबू होता आणि तंबूत घामाघूम झालेले माझे बाबा. रेकॉर्डिंगमध्ये दुसरा आवाज येऊ नये म्हणून ताईनं पंखा बंद केला होता, फ्रिजची पिन काढली होती, भिंतीवरचं घड्याळ बाथरूममध्ये नेऊन बादलीखाली ठेवलं होतं. आईला भांड्यांना हात लावायची बंदी. मला दारात उभं केलं होतं, कुणी बेल वाजवायच्या आत दार उघडायला. आणि तोंड मिटून, हे तिनं तीनदा बजावलं. मला तोंड मिटून उभं करणं म्हणजे उकळत्या दुधावर झाकण ठेवणं. पण ताईच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता, म्हणून मी सहन केलं.

ताई कॉलेजात संज्ञापन आणि माध्यमं शिकते. म्हणजे नक्की काय शिकते, ते आईला तीन वर्षांत कळलेलं नाही. कुणी विचारलं की ती “बोलण्यातलंच काहीतरी आहे” असं सांगून मोकळी होते. प्रोजेक्टचा विषय होता सार्वजनिक ठिकाणचा आवाज, आणि असा आवाज तर आमच्या घरातच जेवायला बसतो. बस स्थानकावर ‘अमुक गाडी फलाट क्रमांक सहावर लागली आहे’ असं सांगणारा माणूस असतो ना, ते माझे बाबा. सव्वीस वर्षं. स्थानकावर त्यांना सगळे ‘भोंगा’ म्हणतात, तेही तोंडावर, आणि ते हसतात. घरी मात्र ते इतकं हळू बोलतात की प्रत्येक वाक्याला आम्हाला “काय?” विचारावं लागतं.

अठरापर्यंत मला काही वाटलं नाही. स्थानकात फलाट अठरा आहेत. पण ताई एकोणीस म्हणाली, वीस म्हणाली, आणि एकोणसाठवर जाऊन थांबली. मिनिटं. मग गावांची नावं, एकशेबारा, प्रत्येक दोनदा, शेवट वर आणि शेवट खाली. मग ‘विलंबाने’, ‘रद्द’, ‘सुटण्याच्या तयारीत’. मी नववीत आहे, पहिलीत नाही. एखाद्याचा आवाज अभ्यासायचा तर त्याला बोलू देतात. खाटकासारखे त्याचे तुकडे करून वेगवेगळ्या डब्यांत भरत नाहीत.

मी ताईला विचारलं. ती म्हणाली, “ध्वनीचं विश्लेषण आहे ते. तुला नाही कळायचं.” ताई जड शब्द वापरायला लागली की समजावं, काहीतरी लपवतेय. माझा इयरफोन तिच्या हातून तुटला तेव्हा तिनं त्याला ‘तांत्रिक बिघाड’ म्हटलं होतं.

यंदा वादविवाद स्पर्धेत दोन शाळांना गप्प केल्यापासून माझ्या अंगात जरा जोर आलाय, हे मान्य. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरळ स्थानकावर गेले.

बाबांची केबिन म्हणजे सहा पायऱ्यांवरची काचेची खोली. तिथून सगळे फलाट दिसतात. कोपऱ्यात फ्रिजएवढं एक करडं लोखंडी कपाट उभं होतं, अंगावर अजून प्लास्टिक. मी विचारल्यावर बाबा म्हणाले, कुणाचं तरी सामान असेल, ठेवलंय. पण बाबा दिसेल त्या सपाट जागेवर पाण्याचा ग्लास ठेवतात, खिडकीच्या कडेवरसुद्धा. त्या कपाटावर ग्लास नव्हता. इतकंच नाही, त्यांनी खुर्चीसुद्धा त्याच्याकडे पाठ करून ठेवली होती.

खाली तिकीट खिडकीवाल्या काकूंना गाठलं. त्यांना कुठलीही गोष्ट पोटात ठेवता येत नाही. “अगं, मशीन आहे ते,” काकू म्हणाल्या. “एकदा आवाज भरला की झालं, माणूस लागत नाही. भोंग्याला साहेबांनी सांगितलं नाही का अजून?” आणि माझा चेहरा बघून त्यांनी घाईघाईनं पुढच्या माणसाला हाक मारली. पुढे कुणी नव्हतंच.

त्या संध्याकाळी ताई आंघोळीला गेली आणि मी तिची बॅग उघडली. वाईट केलं, माहीत आहे. फाईलमध्ये सगळ्यात वर माध्यमांची नीतिमत्ता नावाच्या विषयाच्या नोट्स. त्यातल्या एका वाक्यावर पिवळा रंग फासलेला होता: आपण कशाला संमती देतोय हे समोरच्याला पूर्ण समजलं पाहिजे. त्या पेपरात ताई वर्गात पहिली आली होती. मागे तीन कागद टाचलेले होते. पहिले दोन कॉलेजचे. तिसरा स्थानकाच्या साहेबांचा. प्रस्तुत कर्मचाऱ्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण स्थानकावरील उद्घोषणांसाठी कायमस्वरूपी वापरण्यास हरकत नाही. खाली बाबांची सही, नेहमीसारखी, शेवटच्या अक्षराची वेलांटी लांब ओढलेली.

ताई डोक्याला टॉवेल गुंडाळून आली, तर मी कागद हातात धरून बसलेली. मला वाटलं, झिंज्या उपटेल. ती पलंगावर बसली.

तिनं सांगितलं ते असं. स्थानकात रेकॉर्डिंग करायला परवानगी हवी होती. साहेबांनी अट घातली, आवाजाच्या फायलींची एक प्रत आम्हाला द्या, मगच पत्र देतो. आणि ते पत्र नसेल तर कॉलेज प्रोजेक्ट घेणार नाही, म्हणजे वर्ष गेलंच. तिला वाटलं होतं, बाबा रजेवर असतील तेव्हा लावतील. मग तिनं ते कपाट पाहिलं.

“सही कशी घेतलीस?” मी विचारलं.

“तीन कागद एकदम पुढे केले. इथे, इथे आणि इथे, असं म्हटलं.” तिनं टॉवेल सोडला आणि परत बांधला. “त्यांनी चष्मासुद्धा लावला नव्हता.”

सोमवारी फायली द्यायच्या होत्या. त्याआधी मी साहेबांशी बोलेन, तू बाबांना काही सांगू नकोस, असं ती म्हणत राहिली. मी मान डोलावली. साहेबांशी बोलणारी व्यक्ती फायलींवर एवढी सुबक नावं टाकत बसेल का, असं माझ्या मनात आलं. कारण मी लॅपटॉपही पाहिला होता. सात_वर. सात_खाली. सगळं तयार होतं.

शनिवारी दुपारी मी केबिनमध्ये गेले. दोन गाड्यांच्या मध्ये अकरा मिनिटं मोकळी होती. बाबांनी माईकचं बटण बंद केलं, बंद झालंय ना ते पुन्हा पाहिलं, मगच माझ्याकडे वळले. मी सगळं एका दमात सांगितलं. स्पर्धेत बोलते त्यापेक्षा वाईट सांगितलं, कारण मध्येच रडले.

“वाचलाय मी तो कागद,” बाबा म्हणाले.

मग ते बोलायला लागले. मशीनचा हुकूम वरून तीन महिन्यांपूर्वीच आला होता. सोबत नमुन्याचा आवाजही आला होता, कुठल्यातरी लांबच्या बाईंचा. साहेबांनी ऐकवला. आवाज छान, पण आपल्याकडे एकाच नावाची दोन गावं आहेत, एक वरचं आणि एक खालचं, ते बाईंना कुठून माहीत असणार. वरच्या गावची माणसं खालच्या गाडीत जाऊन बसली असती. म्हणून बाबांनीच साहेबांना म्हटलं, मशीन येणारच असेल तर निदान ते माझ्या आवाजात बोलू द्या. ताईला अट घालायचंही त्यांनीच सुचवलं. कागद साहेबांच्या खोलीत आधीच वाचला होता.

“मग ताईसमोर चष्मा का नाही लावलात?”

“चष्मा लावला असता तर तिच्यासमोर वाचावं लागलं असतं. वाचलं असतं तर तिला मान वर करता आली नसती.” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “तिला सांगू नकोस मला माहीत आहे म्हणून. ती फायली देणार नाही. वर्ष जाईल पोरीचं.”

“आणि तुमचं काय?”

“मला चौकशीच्या खिडकीत बसवतायत. तिथे पंखा बरा आहे.”

आणि त्यांनी बटण दाबलं. काच हलकीशी थरथरली आणि बाबांचा दुसरा आवाज, मोठा, स्थानकभर पसरला. बारा क्रमांकाच्या फलाटावरचे लोक पिशव्या उचलून उठले.

पायऱ्या उतरताना माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. बाबा घरी खरं बोलतात तेव्हा अडखळतात. ‘म्हणजे’ म्हणतात, कानामागे खाजवतात. हे सगळं मात्र ते कुठेही न अडखळता बोलले होते, आलेली गाडी सांगावी तसे. तीन महिन्यांपूर्वीचा हुकूम, लांबच्या बाई, वरचं गाव, खालचं गाव. खरंही असेल. किंवा माझं ऐकता ऐकता, त्या अकरा मिनिटांत, त्यांनी ते रचलं असेल. साहेबांना विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. साहेबांची खोली जिन्यासमोरच होती, दारही उघडं होतं. मी दोन शाळांना गप्प केलेली मुलगी तिथे उभी राहिले, आणि घरी गेले.

ताई दारातच वाट बघत होती. “त्यांना काही कळलंय का गं?”

“नाही,” मी म्हणाले. एकही शब्द जास्त नाही, शेवट खाली.

सोमवारी तिनं फायली दिल्या. साहेबांशी बोलली का, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पत्र मिळालं, प्रोजेक्ट जमा झाला, पहिला वर्ग आला. आईनं बिल्डिंगभर सांगितलं की बोलण्यातलंच काहीतरी आहे पण पोरीनं नाव काढलं. बाबांनी ताईच्या पाठीवर थाप मारली. ताई थाप पडायच्या आधीच जरा आकसली, ते मी पाहिलं. बाबांनीही पाहिलं असणार.

मशीन सुरू झालं त्या आठवड्यात मी आणि ताई स्थानकावर गेलो. एकत्र जायचं ठरलं नव्हतं. ती फाटकाजवळ भेटली, इकडे काम होतं म्हणाली. काचेच्या खोलीत दिवा बंद होता. खाली चौकशीच्या खिडकीत बाबा बसले होते, इस्त्रीच्या शर्टात, समोर वेळापत्रक उघडं. वेळापत्रकाची त्यांना गरज नाही.

वर कर्ण्यांमधून बाबा बोलत होते. कुठे श्वास नाही, खोकला नाही, सातनंतर बरोबर तेवढीच जागा. लोक नेहमीसारखे पिशव्या उचलत होते. कुणाला काही वेगळं वाटलेलं दिसत नव्हतं.

खिडकीपाशी एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी हात वर करून कर्ण्याकडे दाखवलं आणि विचारलं, “हा माणूस काय म्हणाला हो? मला नीट कळलं नाही.”

बाबांनी खिडकीतून बाहेर वाकून, आमच्या घरातल्या हळू आवाजात त्यांना सांगितलं. म्हाताऱ्यांनी कानाला हात लावला. “काय?”

बाबांनी पुन्हा सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात वर पुढची घोषणा सुरू झाली. बाबा थांबले. मोठं माणूस बोलत असताना आपण थांबतो तसे, हात टेबलावर ठेवून. खांबाशी उभ्या असलेल्या आम्ही दोघी त्यांना दिसलो. त्यांनी आमच्याकडे बघून एक बोट वर केलं, एक मिनिट म्हणून.

ताई बोटं एकमेकांत अडकवून उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. वरचा आवाज संपेपर्यंत आम्ही सगळेच थांबलो.